बैठकीतून उभे राहिलेले मुद्रण : लंडनमधील कृष्णवर्णीयांची प्रकाशने आणि ग्रंथमेळे

मुद्रणाचा इतिहास लिहिणारे अभ्यासक बहुधा यंत्र, भांडवल आणि ग्रंथकार या तिहींकडे लक्ष पुरवितात. छापलेला मजकूर कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला, तो कोठे मोठ्याने वाचला गेला, ऐकणाऱ्यांनी त्यावर काय विचारले, या गोष्टींना त्यांच्या ग्रंथांत फारशी जागा मिळत नाही. ज्यांच्यापाशी भांडवल नव्हते आणि ज्यांची पुस्तके दुकानदार ठेवीत नसत, अशा समाजांच्या बाबतीत मात्र नेमक्या याच गोष्टी निर्णायक ठरतात. प्रस्तुत लेखात आम्ही लंडनमधील कृष्णवर्णीयांच्या तीन लहान प्रकाशनसंस्था आणि त्यांच्या पुढाकाराने १९८२ ते १९९५ या काळात भरलेले ग्रंथमेळे यांचा परामर्श घेणार आहोत. आमचा नित्याचा विषय पाली वाङ्मय. तेव्हा हा प्रांत आमचा नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु ‘संगीति’ या शब्दाचा अर्थच एकत्र येऊन म्हणणे असा आहे, आणि ज्या त्रिपिटकाचे आम्ही अध्ययन करतो ते ताडपत्रावर लिहिले जाण्यापूर्वी काही शतके भिक्खूंच्या समुदायाने पाठ करून राखले. समुदाय आणि ग्रंथ यांचा संबंध हा आम्हाला परका विषय वाटत नाही.

दुसरेही एक कारण आहे. दलित साहित्य आणि निग्रो साहित्य यांची तुलना आपल्याकडे पुष्कळ झाली. ती बहुतांशी अमेरिकेपुरती आणि त्यातही कविता, कथा, आत्मकथन यांपुरती राहिली. ही पुस्तके छापली कोणी, पैसा कोठून आला, विकली कोठे, हे प्रश्न त्या चर्चेत क्वचितच येतात.

कृष्णवर्णीयांच्या मुद्रणात समुदायाचे स्थान आरंभापासून दिसते. १६ मार्च १८२७ रोजी सॅम्युएल कॉर्निश आणि जॉन रसवर्म यांनी न्यूयॉर्क येथे ‘फ्रीडम्स जर्नल’ काढले. कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या मालकीने चालविलेले हे अमेरिकेतील पहिले वृत्तपत्र. ते जेमतेम दोन वर्षे चालले. त्याचे बॉस्टनमधील प्रतिनिधी डेव्हिड वॉकर हे जुन्या कपड्यांचे दुकान चालवीत. १८२९ मध्ये त्यांनी गुलामगिरीविरुद्ध एक जळजळीत आवाहन पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. ज्याला वाचता येते त्याने ते वाचावे आणि ज्याला येत नाही त्याने दुसऱ्याकडून वाचून घ्यावे, अशी अपेक्षा त्यांनी आरंभीच नोंदवून ठेवली. या पुस्तिका खलाश्यांच्या हस्ते दक्षिणेकडील बंदरांत पोचत, आणि त्यांच्या धास्तीने तेथील राज्यांनी असे साहित्य बाळगणे व गुलामांना अक्षरओळख करून देणे यांविरुद्ध कडक कायदे केले. एका कापडविक्याच्या पुस्तिकेने सत्ताधारी हादरले, ते ती मोठ्याने वाचली जाईल या भयाने.

लंडनची कथा मात्र अमेरिकेतून येत नाही. ती कॅरिबियन बेटांतून येते. त्रिनिदाद येथे १९३१ ते १९३३ या काळात ‘द बीकन’ नावाचे नियतकालिक निघत असे. वसाहतीच्या साहेबी वाङ्मयाभिरुचीला न जुमानता चाळीत, गल्लीत राहणाऱ्या माणसांचे जीवन त्यात येऊ लागले. त्याच्या लेखकांपैकी एक होते सी. एल. आर. जेम्स, ज्यांनी पुढे १९३८ मध्ये हैतीच्या गुलामांच्या क्रांतीचा इतिहास ‘द ब्लॅक जॅकोबिन्स’ लिहिला. ‘द बीकन’ बंद पडल्यावर तेहेतीस वर्षांनी, १९६६ मध्ये, त्रिनिदादचेच जॉन ला रोझ यांनी सारा व्हाइट यांच्यासह लंडनमध्ये एक प्रकाशनसंस्था काढली आणि तिला ‘न्यू बीकन बुक्स’ असे नाव दिले. ला रोझ हे त्रिनिदादच्या तेलक्षेत्रातील कामगार चळवळीतून आलेले. १९६१ पासून इंग्लंडमध्ये राहत होते. संस्था म्हणजे त्यांचे घरच. त्याच वर्षी ला रोझ, कवी कामाऊ ब्रॅथवेट आणि कादंबरीकार अँड्र्यू सॅल्की यांनी ‘कॅरिबियन आर्टिस्ट्स मूव्हमेंट’ ही कलावंतांची चळवळ सुरू केली. तिच्या बैठकींना न्यू बीकनची पुस्तके विक्रीस येत. आधी चर्चा, नंतर टेबलावरच्या पुस्तकांची चाळवाचाळव, मग पुन्हा चर्चा. मोठ्या दुकानांच्या काचेत या पुस्तकांना जागा नव्हती; बैठक हेच त्यांचे पहिले दुकान झाले.

न्यू बीकनने १९६९ मध्ये केलेल्या एका कामाकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. जे. जे. थॉमस हे एकोणिसाव्या शतकातील त्रिनिदादचे एक खेडेगावातील शाळामास्तर. मुक्त झालेल्या गुलामांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. ज्या बोलीला साहेब लोक मोडकीतोडकी फ्रेंच म्हणून हिणवीत, त्या क्रिओल बोलीचे पद्धतशीर व्याकरण त्यांनी १८६९ मध्ये सिद्ध केले. पुढे लंडनच्या भाषाशास्त्रीय मंडळाने त्यांना सभासद करून घेतले. जेम्स अँथनी फ्रूड या नामांकित इंग्रज इतिहासकाराने वेस्ट इंडीजचे कृष्णवर्णीय स्वराज्यास अपात्र आहेत अशा आशयाचा ग्रंथ लिहिला, तेव्हा थॉमस यांनी ‘फ्रूडॅसिटी’ हे त्याचे मुद्देसूद खंडन १८८९ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी त्यांचे लंडनमध्ये निधन झाले. फ्रूडचे नाव राहिले, थॉमस यांचे विस्मरणात गेले. बरोबर शंभर वर्षांनी न्यू बीकनने ते व्याकरण पुन्हा छापले. ‘फ्रूडॅसिटी’चीही नवी आवृत्ती काढली. नुकत्याच जन्मलेल्या, पैशाची चणचण असलेल्या संस्थेने एखादी खपाऊ कादंबरी न घेता शतकापूर्वीचे व्याकरण छापावे, हा व्यवहारदृष्ट्या वेडेपणाच म्हटला पाहिजे. पण छंदसात बुद्धवचन आरूढ करण्याची भिक्खूंची विनंती भगवंतांनी नाकारली आणि ते आपापल्या बोलीत शिकण्याची अनुज्ञा दिली, हा चुल्लवग्गातील प्रसंग ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या निर्णयाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. आमच्या लोकांची बोली म्हणजे बिघडलेली भाषा नव्हे आणि आमचा इतिहास तुमच्या आगमनापासून सुरू होत नाही, ही दोन विधाने न्यू बीकनने या दोन पुनर्मुद्रणांनी केली.

थॉमस यांचे ग्रंथ विद्वानांसाठी होते. १९७१ मध्ये न्यू बीकनने काढलेली पुस्तिका आईबापांसाठी होती. इंग्लंडमधील वेस्ट इंडियन मुले ‘शैक्षणिकदृष्ट्या मंद’ ठरवून वेगळ्या शाळांत पाठविली जात होती आणि त्या शाळांत त्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने फार मोठे होते. लंडनच्या शिक्षण प्राधिकरणाला हे ठाऊक होते, पालकांना नव्हते. आपले मूल ‘विशेष’ शाळेत गेले म्हणजे त्याची अधिक काळजी घेतली जाणार, अशी अनेकांची समजूत होती. अशा शाळेत शिकविणारे ग्रेनाडाचे तरुण शिक्षक बर्नार्ड कोर्ड यांनी वेस्ट इंडियन शिक्षक व कार्यकर्त्यांच्या एका परिषदेत या विषयावर निबंध वाचला. श्रोत्यांनीच तो छापण्याचा आग्रह धरला. वर्गणी गोळा झाली, न्यू बीकनने पुस्तिका काढली, आणि ती सभांतून, चर्चमधून, घरोघर हजारोंच्या संख्येने खपली. तिच्यातून उठलेल्या चळवळीने शनिवारच्या पूरक शाळांना बळ दिले. ला रोझ यांनी स्वतःही १९६९ पासून अशी एक शाळा आपल्या घरी चालविली होती. मुलांवर मारला जाणारा तो शिक्का पुढे १९८१ च्या शिक्षण कायद्याने रद्द झाला. कोर्ड यांचे ग्रेनाडातील नंतरचे राजकारण आणि १९८३ चा तेथील रक्तपात हे दुःखद प्रकरण आहे. त्यामुळे पुस्तिकेने केलेले काम पुसले जात नाही, इतकेच आम्ही म्हणू.

दुसरी संस्था एका बंदीतून जन्मली. गयानाचे इतिहासकार वॉल्टर रॉडनी जमैकाच्या विद्यापीठात शिकवीत होते. वर्ग संपला की ते किंग्स्टनच्या गलिच्छ वस्त्यांत जात आणि रास्ताफारी व बेकार तरुणांबरोबर जमिनीवर बसून आफ्रिकेच्या इतिहासाविषयी बोलत. या बसण्याला तेथील बोलीत ‘ग्राउंडिंग’ म्हणतात. आपण ‘बैठक’ म्हणू. ऑक्टोबर १९६८ मध्ये मॉन्ट्रियल येथील कृष्णवर्णीय लेखकांच्या परिषदेहून परतताना जमैका सरकारने त्यांना विमानतळावरूनच परत पाठविले. किंग्स्टनमध्ये दंगल उसळली. लंडनमध्ये जेसिका व एरिक हंटली या गयानाच्या दांपत्याने मित्रमंडळींकडून पैसे जमवून रॉडनींची ती भाषणे १९६९ मध्ये पुस्तकरूपाने काढली. पुस्तकाच्या नावातच ‘ग्राउंडिंग्ज’ हा शब्द ठेवला. संस्थेला त्यांनी ‘बोगल-लुव्हर्त्यूर’ असे नाव दिले : १८६५ च्या मोरंट बेच्या उठावाबद्दल फाशी गेलेले जमैकाचे पॉल बोगल आणि हैतीच्या क्रांतीचे सेनानी तुसाँ लुव्हर्त्यूर यांच्या स्मरणार्थ. १९७२ मध्ये याच संस्थेने टांझानियातील एका प्रकाशनगृहाच्या सहकार्याने रॉडनींचा ‘हाउ युरोप अंडरडेव्हलप्ड आफ्रिका’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. आज तो जगभरच्या विद्यापीठांत वाचला जातो. त्याची पहिली आवृत्ती पश्चिम लंडनमधील एका घराच्या दिवाणखान्यातून निघाली होती, हे तेथील विद्यार्थ्यांस बहुधा माहीत नसते.

पुढे हंटली दांपत्याने ईलिंग भागात छोटे दुकान काढले. ते लेखकांचे, पालकांचे, शाळकरी मुलांचे बसण्याचे ठिकाण झाले. १३ जून १९८० रोजी गयानात बॉम्बस्फोटाने रॉडनींची हत्या झाल्यावर त्या दुकानाला त्यांचे नाव देण्यात आले. पण तत्पूर्वी, १९७७ च्या सुमारास, वर्णद्वेष्ट्या टोळ्यांनी लंडनमधील अशा दुकानांवर हल्ले केले. काचा फोडणे, भिंतींवर शिवीगाळ रंगविणे, धमक्या देणे हे प्रकार वारंवार घडू लागले. पोलिसांकडून संरक्षण मिळेना, तेव्हा दुकाने एकत्र आली आणि त्यांनी संयुक्त कृती समिती स्थापन केली. मेळाव्याची कल्पना पुढे आली ती ग्रंथव्यवसायाच्या वाढीसाठी नव्हे. तिच्यामागे एकमेकांना राखण्याची ही सवय होती.

तिसरी संस्था ‘रेस टुडे’. मूळचे एका संशोधनसंस्थेचे हे मासिक १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात डार्कस हाउ यांच्या संपादकत्वाखाली स्वतंत्र झाले आणि ब्रिक्स्टन वस्तीत, रेल्टन रोडवर, एका गटाच्या हाती आले. त्या गटात पुण्यात १९४४ मध्ये जन्मलेले पारशी लेखक फारुख धोंडी होते. माला सेन होत्या. भारतीय माणसे कृष्णवर्णीयांच्या संस्थेत कशी, असा प्रश्न आपल्या वाचकास पडणे स्वाभाविक आहे. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ‘ब्लॅक’ हा शब्द केवळ कातडीचा रंग सांगत नव्हता. आफ्रिकन, कॅरिबियन आणि आशियाई कष्टकऱ्यांनी मिळून तो राजकीय नाव म्हणून घेतला होता. लेस्टरमधील टंकयंत्राच्या कारखान्यातील आशियाई कामगारांचा १९७४ चा संप ‘रेस टुडे’ने त्याच आत्मीयतेने मांडला. धोंडी ब्रिटनमधील ब्लॅक पँथर चळवळीतही होते. अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षावरून नाव घेऊन मुंबईत १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, हे आपणांस ठाऊक आहे. त्याच नावाची एक संघटना त्यापूर्वीच लंडनमध्ये काम करीत होती आणि तिच्यात पुण्याचा एक माणूस होता, हे मात्र आपल्याकडील लेखनात सहसा आढळत नाही.

१८ जानेवारी १९८१ च्या पहाटे दक्षिण लंडनमधील न्यू क्रॉस येथे वाढदिवसाच्या समारंभात आग लागून १३ कृष्णवर्णीय तरुण-तरुणी मरण पावले. ही आग वर्णद्वेषातून लावली गेली असा समाजाचा संशय होता. शासनाकडून शोकाचा शब्द आला नाही. ला रोझ यांच्या अध्यक्षतेखाली कृती समिती स्थापन झाली आणि २ मार्च रोजी, सोमवारी, कामाच्या दिवशी, सुमारे २०,००० लोक लंडनच्या रस्त्यांतून चालले. त्यात शिस्तीने चालणारे आईबाप होते, शाळा सोडून आलेली मुले होती. दुसऱ्या दिवशीच्या खपाऊ वृत्तपत्रांनी जणू दंगलच झाली असे चित्र रंगविले. स्वतःचे वृत्तपत्र, स्वतःचे मुद्रण का हवे, याचा धडा त्या दिवशी वीस हजारांना एकदम मिळाला.

त्यानंतर तेरा महिन्यांनी, एप्रिल १९८२ च्या आरंभी, इझलिंग्टन टाउन हॉलमध्ये या तीन संस्थांनी मिळून पहिला मेळावा भरविला. नाव लांबलचक : ‘इंटरनॅशनल बुक फेअर ऑफ रॅडिकल ब्लॅक अँड थर्ड वर्ल्ड बुक्स’. उद्घाटक सी. एल. आर. जेम्स, वय ८१. ‘द बीकन’मध्ये लिहिणारा तरुण पन्नास वर्षांनी ‘न्यू बीकन’च्या मेळाव्याचा दीप लावीत होता. (दीप प्रत्यक्ष लावला नसेल, ही आमच्याकडील रीत.) आफ्रिका, कॅरिबियन, अमेरिका, आशिया आणि ब्रिटनमधील लहानमोठ्या प्रकाशकांनी आपापली टेबले मांडली. पण केवळ विक्री हा हेतू नव्हता. मेळाव्याबरोबर सप्ताहभर चर्चासत्रे, काव्यरात्री, नाटके, चित्रपट, संगीत असे कार्यक्रम चालत. ज्यांच्या कविता बोगल-लुव्हर्त्यूर आणि रेस टुडे यांनी १९७० च्या दशकात प्रथम छापल्या, ते लिंटन क्वेसी जॉन्सन जमैकाच्या बोलीत, ढोलाच्या ठेक्यावर कविता म्हणत. ज्याने कधी पुस्तक विकत घेतले नाही असा श्रोता ऐकून टेबलाकडे वळत असे. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनी किंवा चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला जो पुस्तकांच्या दुकानांपुढे उभा राहिला आहे, त्याला हे दृश्य समजावून सांगण्याची गरज नाही.

१९९१ पर्यंत दरवर्षी, त्यानंतर १९९३ आणि १९९५ मध्ये, असे एकूण १२ मेळावे झाले. लंडनबाहेर मँचेस्टर, ब्रॅडफर्ड, लीड्स, ग्लासगो या शहरांतही ते पोचले. केनियाचे लेखक न्गुगी वा थियोंगो यांना १९८२ मध्ये मायदेशी परतणे अशक्य झाले, तेव्हा केनियातील राजकीय बंदिवानांच्या मुक्ततेसाठी लंडनमध्ये जी समिती झाली तिचा आधारही न्यू बीकन हाच होता. पुस्तकाचे दुकान, शाळा, कृती समिती आणि मेळावा ही एकाच माणसांची चार कामे होती.

हे सर्व गौरवाने लिहिताना एक गोष्ट झाकू नये. स्वतंत्र प्रकाशन म्हणजे बिनपगारी श्रम. गठ्ठे बांधणे, मुद्रिते तपासणे, उधारी वसूल करणे ही कामे वर्षानुवर्षे घरच्या माणसांनी, विशेषतः स्त्रियांनी केली. जेसिका हंटली आणि सारा व्हाइट यांची नावे आज घेतली जातात. टेबले उचलणाऱ्या इतर अनेकींची घेतली जात नाहीत. अमेरिकेतही हेच दिसते. डेट्रॉइटचे ग्रंथपाल-कवी डडली रँडल यांनी १९६५ मध्ये नोकरी सांभाळून ‘ब्रॉडसाइड प्रेस’ काढली. १९६६ च्या फिस्क विद्यापीठातील लेखक परिषदेत त्यांना कवी भेटले, परवानग्या मिळाल्या, माल्कम एक्स यांच्यावरील काव्यसंग्रहाची कल्पना तेथेच सुचली. पुलित्झर पारितोषिकप्राप्त ग्वेंडोलिन ब्रुक्स यांनी १९६९ मध्ये आपले नवे पुस्तक मोठ्या प्रकाशकाऐवजी त्यांच्याकडे दिले. तरीही दहा-बारा वर्षांत कर्जाने आणि थकव्याने रँडल यांना संस्था दुसऱ्याच्या हाती सोपवावी लागली.

लंडनचे मेळावे १९९५ नंतर का थांबले? आमच्या मते एक कारण श्रमणाऱ्यांचे वाढते वय आणि दुसरे यशच. ‘रेस टुडे’ १९८८ मध्ये बंद पडले होते. जेम्स १९८९ मध्ये निवर्तले. ज्यांना कोणी छापीत नसे अशा लेखकांना मोठे प्रकाशक आता बोलावू लागले. २००२ मध्ये जॉन्सन यांची निवडक कविता पेंग्विनच्या आधुनिक अभिजात मालिकेत आली. त्या मालिकेतील ते पहिले कृष्णवर्णीय कवी. रॉडनींचे ग्रंथही आता मोठ्या संस्था काढतात. यात दुःख मानण्याचे कारण नाही. मात्र मोठा प्रकाशक पुस्तक उचलतो, बैठक उचलत नाही.

१९४६ च्या जुलैत बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे सादर केलेल्या निवेदनाच्या दोन-तीन प्रती मिळवून पाठवाव्यात, अशी त्यात विनंती होती. ड्यू बॉइस यांनी त्याच महिन्याच्या अखेरीस सहानुभूतीपूर्वक उत्तर दिले. या पत्रव्यवहाराचा उल्लेख आपल्याकडे दोन थोर पुरुषांची भेट म्हणून होतो. आम्ही त्यातील ‘दोन-तीन प्रती’ या शब्दांकडे पाहतो. एका देशातील बहिष्कृतांचा छापील कागद दुसऱ्या देशातील बहिष्कृतांच्या हाती दुकानातून पोचत नव्हता. तो मागून घ्यावा लागत होता. १९८२ च्या मेळाव्यातील टेबलांवर तशा प्रती उघड मांडलेल्या होत्या.

न्यू बीकनचे उत्तर लंडनमधील दुकान २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२२ च्या आरंभी बंद पडण्याच्या बेतात आले. दोन्ही वेळा वाचकांनी वर्गणी काढून ते वाचविले. त्याच इमारतीत १९९१ मध्ये स्थापन झालेल्या जॉर्ज पॅडमोर इन्स्टिट्यूटमध्ये मेळाव्यांची कागदपत्रे सांभाळली गेली. ला रोझ २००६ मध्ये वारले, जेसिका हंटली २०१३ मध्ये. हंटली दांपत्याने आपल्या प्रकाशनाचे सर्व दप्तर २००५ मध्ये लंडनच्या नागरी अभिलेखागारात ठेवले. पुढच्याच वर्षापासून त्या दप्तराच्या निमित्ताने तेथे दरवर्षी एक परिषद भरू लागली. तिला शिक्षक येत, शाळकरी मुले येत, आणि ज्यांनी ते गठ्ठे कधी काळी स्वतः बांधले होते असे वृद्धही येत.